मोतीबिंदू निघाला, पडद्याचं काय?

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर बदलत नाही. लहानपणी एका गावात ऑपरेशन झालेलं मूल मोठेपणी दुसऱ्या शहरात डोळा दाखवायला गेलं, तरी दोन्ही नोंदी एकमेकींना सापडतात. या नोंदींच्या जोरावर तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी 2014 साली एक हिशेब मांडला. बालपणी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या हजारावर डोळ्यांपैकी किती डोळ्यांचा पडदा (रेटिना) पुढे सुटला? वीस वर्षांत हा धोका सुमारे 7 टक्के निघाला. ही सरासरी मात्र फसवी आहे. ज्या मुलांना मोतीबिंदूखेरीज दुसरं काहीच नव्हतं, त्यांच्यात धोका 3 टक्क्यांच्या आसपास होता. डोळ्यात, शरीरात किंवा बौद्धिक वाढीत आणखी दोष असलेल्या मुलांत तो कित्येक पटींनी जास्त होता. ज्यांचा पडदा सुटला त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेला तेव्हा नऊ वर्षं उलटून गेली होती.

शस्त्रक्रिया तीच, हत्यारंही साधारण तीच, तरी निकालात एवढं अंतर पडलं. अर्भकांच्या डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियांनंतर पडद्याला होणाऱ्या इजांचा विचार करताना हाच प्रश्न मध्यभागी ठेवावा लागतो. काही इजा शस्त्रक्रियेमुळे होतात. काहींची तयारी डोळ्यात जन्माआधीच झालेली असते, शस्त्रक्रिया फक्त निमित्त ठरते. दुर्मीळ जनुकीय आजारांच्या बाळांत या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत की पुढची देखभालही चुकते.

छोटा डोळा, वेगळी रचना

नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर लांब असतो, प्रौढाचा 23 ते 24. पण तो केवळ लहान मापाचा डोळा नसतो. प्रौढात बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे एक सुरक्षित पट्टा असतो. तिथून उपकरण आत घातलं तर पडद्याला धक्का लागत नाही. नवजात बाळात हा पट्टा जवळजवळ तयारच झालेला नसतो. प्रौढाच्या मापाने छिद्र पाडलं तर ते थेट पडद्यातून जाईल. म्हणून सर्जन बुबुळाच्या कडेनेच आत शिरतो किंवा जेमतेम एक-दीड मिलिमीटर मागून.

दुसरा फरक डोळ्याच्या पोकळीतल्या पारदर्शक गराचा, म्हणजे काचद्रवाचा. म्हातारपणी तो पातळ होतो आणि पडद्यापासून आपोआप सुटतो. बाळात तो घट्ट जेलीसारखा असतो आणि पडद्याला चिकटलेला असतो. पुढून गर ओढला गेला, तर मागे पडदा ओढला जातो.

तरीही त्या गराला हात लावावाच लागतो. बाळाच्या भिंगाची मागची पिशवी तशीच ठेवली, तर काही आठवड्यांत ती पुन्हा पांढरी होते. म्हणून गढूळ भिंग काढतानाच मागच्या पिशवीला गोल खिडकी पाडतात आणि तिच्यामागचा थोडा गर कापून काढतात. 1970 च्या आसपास रॉबर्ट माखेमर यांनी बंद डोळ्यात गर कापण्याचं तंत्र आणलं. त्याआधी सुईने भिंग फोडून ते विरघळण्याची वाट पाहत, मग पुन्हा सुई, पुन्हा वाट. त्या काळातल्या मुलांचे पडदे वीस-तीस वर्षांनी सुटलेले दिसत. नव्या तंत्राने हा धोका खूप कमी केला, पुसून टाकला नाही.

घाईसुद्धा याच प्रश्नाचा भाग आहे. दृष्टी शिकण्याचं काम मेंदू पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करतो. एका डोळ्याचा दाट मोतीबिंदू साधारण सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्ही डोळ्यांचा आठ-दहा आठवड्यांच्या आत काढला नाही, तर नंतर डोळा स्वच्छ होऊनही मेंदू त्याच्याकडून बघायला शिकत नाही. उलट चार आठवड्यांच्याही आधी शस्त्रक्रिया केली, तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. नेमक्या याच अरुंद मुदतीत बाळाला कोणता आजार आहे हेही शोधायचं असतं.

हातून होणाऱ्या इजा

आधी शस्त्रक्रियेच्या पदरात टाकायच्या गोष्टी. डोळा उघडल्यावर आतला दाब अचानक उतरतो आणि पडद्यावर किंवा गरात रक्तस्राव होतो. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत निवळतो, पण बाळाच्या बाबतीत ते काही आठवडेही महागात पडतात, कारण त्या काळात डोळा आळशी होतो. जंतुसंसर्ग हा सर्वांत भीतीदायक. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या पाहणीत तो दहा हजारांत सुमारे सात डोळ्यांत आढळला होता. म्हणजे क्वचित, पण झाला तर बहुधा डोळा जातो. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज येणं प्रौढांत नेहमीचं. बाळांत ते किती होतं यावर 1980 च्या दशकात वाद झाला. एका गटाला बऱ्याच बाळांत सूज दिसली, दुसऱ्याला जवळजवळ दिसलीच नाही.

कृत्रिम भिंग बसवावं का, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दिलं. 2004 ते 2009 या काळात एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांना तिच्यात घेतलं. निम्म्यांना कृत्रिम भिंग आणि निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स, असं चिठ्ठ्या टाकून ठरलं. पाच वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली. भिंग बसवलेल्यांना मात्र पुन्हा पुन्हा टेबलावर जावं लागलं. सात महिन्यांखालच्या बाळात भिंग बसवण्याची घाई करू नये, हा सल्ला तिथून रूढ झाला. पण या चाचणीतली बहुतेक बाळं अन्यथा निरोगी होती. दुर्मीळ आजाराच्या बाळाला तिचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि आपल्या माहितीतली खरी पोकळी इथेच आहे. अशी बाळं इतकी थोडी आणि इतकी विखुरलेली असतात, की त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकून चाचणी कधी होतच नाही. आपल्या हाती असतात ते पाच-दहा-वीस रुग्णांचे अनुभव.

डोळ्याने सोबत आणलेल्या इजा

पडदा धरून ठेवणारा गर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेला असतो. हे धागे बनवणाऱ्या जनुकातच चूक असली, तर गर जन्मतःच विरविरीत असतो. 1965 साली मेयो क्लिनिकमधले गुन्नार स्टिकलर यांनी एका कुटुंबात असा आजार वर्णिला. तीव्र मायोपिया, लहान हनुवटी, टाळूला फट, कानाने कमी ऐकू येणं, लवकर झिजणारे सांधे, आणि सुटणारे पडदे. यातल्या पडद्याच्या फाटी साध्या भोकासारख्या नसतात. घड्याळाच्या तीन तासांच्या कमानीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या असतात आणि फाटलेली कड स्वतःवरच दुमडते. नोब्लॉक सिंड्रोममध्ये कोलॅजनचंच दुसरं जनुक बिघडलेलं असतं. खूप मोठा मायनस नंबर, बाहुलीभोवतीचं गुळगुळीत, सपाट दिसणारं रंगीत वलय, डोक्याच्या मागच्या हाडात छोटा दोष, कधी जागेवरून सरकलेलं भिंग. असं भिंग काढायला गेलेल्या सर्जनला ही नावं ठाऊक नसतील, तर तो साध्या मोतीबिंदूच्या हिशेबाने पालकांना धीर देईल आणि तो हिशेब चुकीचा असेल.

रक्तवाहिन्यांच्या आजारांची गोष्ट वेगळी. नॉरी आजारात आणि त्याच्या भाऊबंदांत पडद्याच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोचतच नाहीत. उपाशी पडदा मग आखडतो आणि ओढला जातो. नॉरी आजार मुलग्यांना होतो, आईकडून येतो, आणि बरीचशी बाळं पडदा आधीच सुटलेल्या अवस्थेत जन्मतात. इथे शस्त्रक्रिया करायची ती पडद्यावरच आणि सर्जनची सगळी कसरत एका गोष्टीसाठी असते: ताणलेल्या पडद्याला नवं भोक पडता कामा नये. प्रौढात असं भोक दुरुस्त करता येतं. अर्भकात त्या भोकापाठोपाठ व्रणाच्या पेशी पसरतात आणि पडदा चुरगळल्या कागदासारखा होतो. म्हणून अनुभवी सर्जन अशा वेळी कमी काढतात, लवकर थांबतात. 2010 साली शिकागोच्या डॉक्टरांनी वेगळी वाट दाखवली. गर्भजलाच्या तपासणीत नॉरी आजार कळलेल्या एका बाळाला जन्मानंतर लगेच लेसर दिलं आणि त्याची नजर वाचली. एकाच बाळाचा अनुभव म्हणून तो छोटा. पण निदान जन्माआधी झालं तर काय साधतं, हे त्याने दाखवलं.

लोव सिंड्रोम हा या सगळ्यात सर्वांत गुंतागुंतीचा. 1952 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स लोव आणि सहकाऱ्यांनी तो वर्णिला. साधारण पाच लाखांत एका बाळाला होतो आणि जवळजवळ नेहमी मुलग्यांना. दोन्ही डोळ्यांत जन्मतः दाट मोतीबिंदू, लुळे स्नायू, मूत्रपिंडातून क्षार आणि प्रथिनं वाहून जाणं, बौद्धिक वाढ मंद. निम्म्या मुलांना काचबिंदूही होतो. मोतीबिंदू निघाला, मग काचबिंदूसाठी दुसरी शस्त्रक्रिया, मग तिसरी. दर वेळी दाब कोसळण्याचा, पडद्यामागच्या थरात पाणी किंवा रक्त साचण्याचा धोका. मोतीबिंदू वेळेवर निघूनही या मुलांची नजर सहसा फार सुधारत नाही. याचा सगळा दोष शस्त्रक्रियेला देता येत नाही आणि सगळा आजारालाही.

स्टर्ज-वेबर हा आणखी एक सापळा. चेहऱ्यावर द्राक्षारसाच्या रंगाचा डाग, त्याच बाजूला काचबिंदू, आणि डोळ्याच्या आत पडद्यामागे रक्तवाहिन्यांची गादी. काचबिंदूसाठी डोळा उघडला की दाब उतरतो आणि ती गादी फुगून पडद्याला पुढे ढकलते, क्वचित ऐन टेबलावर. गंमत म्हणजे या आजाराचं जनुकीय मूळ 2013 साली सापडलं तेव्हा कळलं, की ते आईवडिलांकडून आलेलं नसतं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत झालेली ती चूक असते. पालकांना हे सांगणं औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण पुढच्या बाळाची भीती त्यामुळे उतरते.

होमोसिस्टिन्युरियामध्ये भिंग जागेवरून सरकतं आणि ते काढताना धोका एकट्या पडद्याला नसतो. या मुलांचं रक्त गोठायला प्रवण असतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असणं हा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

याच्या उलट उदाहरण गॅलॅक्टोसेमियाचं. दुधातल्या साखरेतून मिळणारं गॅलॅक्टोज शरीरात वापरण्याजोगं करणारं विकर नसल्याने बाळाच्या भिंगात तेलाच्या थेंबासारखा मोतीबिंदू दिसतो. निदान लवकर होऊन ते दूध बंद केलं, तर हा मोतीबिंदू पुष्कळदा आपोआप निवळतो आणि शस्त्रक्रिया टळते. इथे पडद्याला वाचवणारी तपासणी असते टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबाची. गोव्याने 2008 साली नवजात बाळांसाठी अशा चयापचय-तपासण्या राज्यपातळीवर सुरू केल्या होत्या, हे इथे आठवावं.

आधीच टाके घालावेत का?

पडदा सुटेल हे ठाऊक असेल तर आधीच त्याची कड पक्की करता येईल का? स्टिकलर सिंड्रोमसाठी केंब्रिजच्या डॉक्टरांनी होकार दिला. त्यांनी पडद्याच्या अगदी कडेला सगळीकडून गोठवणाऱ्या सळईने ठिपके देऊन व्रणाचा पट्टा तयार केला, जेणेकरून मोठी फाट तिथून सुरूच होऊ नये. 2014 साली त्यांनी 487 रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. काहीच न केलेल्यांत निम्म्याहून अधिकांचा पडदा सुटला होता, दोन्ही डोळ्यांना प्रतिबंध केलेल्यांत दहा टक्क्यांहून कमी.

आकडे मोहात पाडणारे आहेत, आक्षेपही खरे आहेत. ही जुन्या नोंदींची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. कोणाला उपचार मिळाला आणि कोणाला नाही, हे पूर्ण योगायोगाने ठरलेलं नव्हतं. दुसरीकडे काही सर्जन त्याच कामासाठी लेसर वापरतात. पण स्टिकलर कुटुंबातलं मूल समोर असेल तर काहीच न करणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत या 487 रुग्णांच्या नोंदींत दिसते.

जनुक-उपचारांनी हा प्रश्न आणखी पुढे नेला आहे. आरपीई65 जनुकाच्या दोषाने येणाऱ्या अंधत्वावरचा लक्स्टर्ना हा उपचार अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झाला. त्यात आधी गर काढून, पडद्याखाली सुईने जनुक सोडायचं असतं, म्हणजे पडदा थोडा वेळ मुद्दाम उचलायचा. वर्षाखालच्या बाळांना तो देऊ नये अशी सूचना आहे, कारण तोवर पडद्याच्या पेशी वाढत असतात. पुढे, उपचार झालेल्या काही डोळ्यांत पडद्याखालचा थर हळूहळू विरत गेल्याच्या नोंदी येऊ लागल्या. 2025 साली लंडनच्या डॉक्टरांनी एआयपीएल1 जनुकाच्या दोषाने जवळजवळ अंध जन्मलेल्या, एक ते तीन वर्षांच्या चार मुलांच्या एकेका डोळ्यावर असाच उपचार केल्याचं प्रसिद्ध झालं. चौघांचीही नजर सुधारली. एकाच्या मध्यबिंदूला सूज आली. एकच डोळा निवडणं, दुसरा राखून ठेवणं, यात या क्षेत्राने शिकलेली सावधगिरी दिसते.

जे सांगू शकत नाही त्याचा पडदा

मोठ्या माणसाचा पडदा सुटू लागला की त्याला ठिणग्या दिसतात, काळे ठिपके तरंगतात, बाजूने पडदा ओढल्यासारखं होतं. तो दवाखान्यात धावतो. बाळ काही सांगत नाही. एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी ते दुसऱ्याने खेळत राहतं. पालकांच्या लक्षात येतं ते उशिरा: डोळा तिरळा झाला, बाहुलीत पुन्हा पांढरं दिसलं, चांगला डोळा झाकला की मूल रडतं, पण दुसरा झाकला की काहीच होत नाही. बौद्धिक वाढ मंद असलेली मुलं बोटांनी डोळे चोळतात, दाबतात, आणि या सवयीने पडद्याला रोज छोटे धक्के बसत राहतात. मतिमंदता असलेल्या मुलांत पडदा सुटण्याचा धोका जास्त का, याचं हे एक उत्तर असावं.

सुटलेला पडदा दुरुस्त करणंही बाळात अवघड. प्रौढाच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात आणि त्याला आठवडाभर पालथं झोपायला सांगतात. सहा महिन्यांच्या बाळाला कोण सांगणार? म्हणून सिलिकॉन तेल भरावं लागतं आणि ते काढायला पुन्हा भूल. नुसती तपासणी नीट करायची तरी बऱ्याचदा भूल द्यावी लागते. डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकाने तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलेली किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला होता. लोव किंवा स्टर्ज-वेबरच्या मुलाला वर्षाकाठी तीन-चार भुली सहज लागतात. म्हणून आता जाणकार केंद्रं एका भुलीत जमेल तेवढं उरकतात: दाब मोजणं, पडदा बघणं, सोनोग्राफी, जनुकीय तपासणीसाठी रक्त. बुबुळ पांढरं असेल आणि आतलं दिसत नसेल, तर सोनोग्राफी हाच पडद्याकडे उघडणारा दरवाजा.

आपल्याकडे

महाराष्ट्राच्या काही भागांत आणि काही समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत अजून पूर्ण गेलेली नाही. नोब्लॉक, गॅलॅक्टोसेमिया, होमोसिस्टिन्युरिया हे आजार दोन्ही पालकांकडून एकेक सदोष जनुक आलं की होतात, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. हा कोणाला दोष देण्याचा मुद्दा नाही, डॉक्टरांनी कुटुंबाची माहिती विचारताना "नवराबायको नात्यातले आहात का?" हा प्रश्न न लाजता विचारावा, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा प्रश्न आईच्या डोळ्याचा. लोव सिंड्रोमच्या वाहक आईला स्वतःला काही त्रास नसतो, पण तिच्या भिंगात बहुधा चाकाच्या आऱ्यांसारखे बारीक ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जनुकीय अहवाल यायला आठवडे लागतात. आईचा डोळा बघायला पाच मिनिटं.

यंत्रणा अगदीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमधूनच सुरू झाला आणि जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातल्या केंद्रांमध्ये मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. पण या कार्यक्रमाची नजर मुख्यतः बाहुलीतलं पांढरं ओळखून बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत नेण्यावर असते. शस्त्रक्रियेनंतर नवव्या-दहाव्या वर्षी कोण बोलावणार? डेन्मार्कच्या आकड्यांप्रमाणे सुटणाऱ्या पडद्यांपैकी निम्मे नऊ वर्षांनंतरच सुटतात, आणि तोवर मूल शाळेत, कुटुंब दुसऱ्या गावात, फाइल हरवलेली.

म्हणून या आढाव्याचा निष्कर्ष नव्या यंत्राचा नाही. घरी सोडताना पालकांच्या हातात जो कागद दिला जातो, त्यावर आज बहुधा शस्त्रक्रियेची तारीख, थेंबांचं नाव आणि पुढच्या महिन्याची भेट असते. त्यात आणखी तीन ओळींची जागा हवी. आजाराचं नाव, कळलं असल्यास जनुकासह. या आजारात पडद्याला कोणता धोका आहे, हे साध्या मराठीत. आणि पडदा तपासण्याची दर वर्षाची तारीख, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. पहिली ओळ रिकामी राहिली तरी चालेल, निदान कधी कधी उशिराच लागतं. तिसरी रिकामी ठेवता येणार नाही.